उपकार कोणाचे, ऋण कोणाचे?

सातारा जिल्ह्यातील माण आणि खटाव, सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत, कवठेमहांकाळ आणि खानापूर या तालुक्यांत वडीलधारी माणसे आजही स्वतःचे वय किंवा लग्नाचे साल सांगताना बहात्तरच्या दुष्काळाचा आधार घेतात. दुष्काळाच्या आदल्या वर्षी, दुष्काळ सरला त्या साली, अशी ही कालगणना आहे. त्या आठवणी निघाल्या की मिलो आणि सुकडी हे दोन शब्द हमखास येतात. मिलो म्हणजे रेशनच्या दुकानात मिळालेली तांबडी परदेशी ज्वारी. सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर पदरात पडणारा कोरडा, गोडसर खाऊ. मिलोची भाकरी थापताना मोडे, चव कोणालाच आवडली नाही. तरीही त्या भाकरीने दिवस निघाले, ही कबुलीही त्याच तोंडून येते. "अमेरिकेच्या धान्यावर जगलो" असे वाक्य गावोगाव ऐकू येते. त्यात कृतज्ञता असते आणि किंचित शरमही असते.

या वाक्याला कार्यकर्त्यांच्या वर्तुळात आजवर दोन प्रकारची उत्तरे मिळत आली. एक उत्तर असे की ते सारे साम्राज्यवादाचे उष्टे होते, त्याचे उपकार मानण्याचे कारण नाही. दुसरे असे की भुकेल्याला घास देणाऱ्याची जात, धर्म, राष्ट्र विचारू नये. हात जोडावेत आणि गप्प राहावे. पहिल्या उत्तरात घास देणाऱ्या माणसाचा अपमान आहे. दुसऱ्यात घास घेणाऱ्याचा आहे. कृतज्ञता ही मोठी गोष्ट आहे आणि ती मोकळ्या मनाने व्यक्त झाली पाहिजे. परंतु ती कोणाप्रती, कशासाठी, हे नीट पाहिले नाही तर तिचा मिंधेपणा व्हायला वेळ लागत नाही.

प्रथम हिशेब. 1972-73 साली जो मिलो सातारा-सांगलीच्या दुकानांत आला तो दानाचा नव्हता. बांगलादेशच्या युद्धानंतर अमेरिकेशी संबंध बिघडले होते आणि पीएल 480 या नावाने प्रसिद्ध असलेल्या कायद्याखालची सवलतीची आयात 1971 अखेर संपली होती. पावसाने पाठ फिरवल्यावर भारत सरकारने परदेशी बाजारात परकीय चलन मोजून धान्य घेतले. 1973 साली सोव्हिएत संघाकडून 20 लाख टन गहू आला, तोही कर्जाऊ. म्हणजे दुकानासमोर तासन्‌तास रांगेत उभी राहिलेली म्हसवडची किंवा आटपाडीची बाई परदेशाची याचक नव्हती. ती ग्राहक होती, आणि तिच्या देशाने त्या धान्याची किंमत चुकती केली होती.

त्याआधीच्या पीएल 480 धान्याची कथा थोडी निराळी आहे, पण तेथेही 'फुकट' हा शब्द चुकीचा ठरतो. त्या कायद्याच्या पहिल्या भागाखाली येणारा गहू रुपयांत विकत घेतला जाई आणि ते रुपये अमेरिकेच्या नावाने भारतातच साचत. ही रक्कम इतकी वाढली की ती कशी खर्चावी हा दोन्ही सरकारांपुढचा प्रश्न झाला. अखेर फेब्रुवारी 1974 मध्ये अमेरिकेचे राजदूत डॅनियल मॉयनिहन यांनी 1,664 कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हाती देऊन त्या देण्याचा मोठा भाग निकालात काढला. ही सूट मोठी होती आणि तिची नोंद घेतली पाहिजे. परंतु त्याच धान्याच्या जोरावर 1965 ते 1967 या टंचाईच्या वर्षांत अध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजे महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडली, भारताच्या शेतीधोरणावर दडपण आणले आणि व्हिएतनामवरील भारताची टीका त्यांना किती झोंबते हेही लपवले नाही. बंदरात गहू उतरण्याची वाट पाहत देशाने श्वास रोखून धरावा, ही अवस्था ज्यांनी पाहिली त्यांना 'ताटाखालचे मांजर' या म्हणीचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही. त्या जहाजातला गहू पिकवणारा कॅन्सासचा शेतकरी आणि जहाज थांबवून धरणारा व्हाइट हाउसमधला माणूस यांना एकाच तागडीत घालण्याचे कारण नाही.

हा भेद समजला की दानाकडे वळता येते, कारण खरे दानही आले होते. पीएल 480च्या दुसऱ्या भागाखाली केअर, कॅथॉलिक रिलीफ सर्व्हिसेस यांसारख्या संस्थांमार्फत आलेले अन्न, विशेषतः मुलांसाठी आणि मातांसाठी, विनामूल्य होते. ऑक्सफॅमकडे येणारा पैसा इंग्लंडातील सामान्य कुटुंबांनी वर्गणी म्हणून आणि दुकानात जुने कपडे देऊन उभा केलेला होता. 1942 साली युद्धाच्या वेढ्यात अडकलेल्या ग्रीसमधील उपाशी लोकांसाठी ऑक्सफर्डच्या काही नागरिकांनी ही संस्था काढली होती. येथील चर्चशी संबंधित 'कासा' आणि पुण्याची 'अफार्म' यांसारख्या संस्थांनी परदेशी मदतीचा काही भाग विहिरी, बांधबंदिस्ती आणि शेतीच्या कामांकडे वळवला.

पाण्याच्या बाबतीत तर या मदतीने मागे काहीतरी ठेवले. कठीण काळ्या पाषाणात लहान व्यासाचे बोअर घेण्याची यंत्रे मराठवाड्यात प्रथम मिशनच्या मंडळींनी आणली. ओतीव लोखंडाचे परदेशी हातपंप मात्र गावच्या वापराला टिकेनात. ते एका कुटुंबासाठी बनवलेले, आणि येथे दिवसभर शेकडो घागरी त्यांवर भरल्या जाणार! तेव्हा जालना आणि सोलापूर येथे कारागिरांना हाताशी धरून मजबूत पंप घडवण्यात आले. सोलापूरच्या पंपाचा आराखडा पुढे युनिसेफच्या साह्याने सुधारला गेला आणि 1970च्या दशकाच्या अखेरीस 'इंडिया मार्क टू' या नावाने देशभर गेला. नंतर तो आफ्रिकेतही पोचला. माणदेशातल्या एखाद्या वस्तीवर आजही असा पंप उभा असेल, तर त्याच्या दांड्यामागे स्कॉटलंड-स्वीडनमधील श्रद्धाळू माणसांच्या देणग्या आहेत आणि सोलापूरच्या लोहारकामाची बुद्धीही आहे. मदत कशी असावी याचा याहून चांगला नमुना दाखवणे अवघड आहे. घेणाऱ्याला तिने कारागीर बनवले.

मिशनरी मदतीविषयी संशय बाळगणारे नेहमीच असतात, आणि दुष्काळात पोटासाठी धर्म बदलल्याच्या कथा सर्वस्वी खोट्या नाहीत. पण डॉ. विल्यम वानलेस 1889 साली सांगलीस आले आणि पुढे त्यांनी मिरजेला इस्पितळ उभे केले, तेथे पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही जिल्ह्यांतले रोगी बैलगाडीने, रेल्वेने गेले, बरे होऊन आपापल्या देवाला नारळ फोडायला परत आले. सामान्य माणसाने या व्यवहारात दाखवलेला समतोल पुष्कळ विद्वानांना साधलेला नाही.

हा प्रश्न बहात्तरपासून सुरू होत नाही. 1876 ते 1878च्या दुष्काळाने सातारा जिल्ह्याचा पूर्व भाग होरपळून निघाला. तेव्हा खानापूर, तासगाव, वाळवे हे तालुकेही साताऱ्यातच होते. 1 जानेवारी 1877 रोजी दिल्लीत व्हिक्टोरिया राणी 'कैसर-ए-हिंद' झाल्याचा दरबार थाटात भरला. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरी एका पौंड धान्याच्या मापाला आणली, तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो मजूर काम टाकून निघून गेले. उपाशी माणसांनी, अन्न समोर असताना, अपुऱ्या मजुरीवर काम नाकारले. मजूर चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या संपाकडे जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिलेले नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली, हे सभेला भूषणावह आहे.

त्याच 1877च्या उन्हाळ्याअखेर मद्रासच्या गव्हर्नरांनी इंग्लंडच्या जनतेला मदतीचे आवाहन केले. व्हाइसरॉय लिटन यांना ते मुळीच रुचले नाही. तरीही लंडनच्या लॉर्ड मेयरांच्या मॅन्शन हाउस निधीत आणि त्यासोबतच्या वर्गण्यांत मिळून सुमारे 8 लाख पौंड जमले. त्यातला बराचसा पैसा मद्रास इलाख्यात व म्हैसुरात खर्च झाला. ज्या लँकेशायरच्या कापडाने येथील माग बसवले, त्याच लँकेशायरमधूनही मोठी वर्गणी आली. आणि त्याच काळात हिंदुस्थानातला गहू इंग्लंडला जातच होता! एका हाताने लोक देत होते आणि दुसऱ्या हाताने राज्य घेत होते. हातांची ही फारकत लक्षात घेतली नाही तर लँकेशायरच्या वर्गणीदाराचे आभार लिटनसाहेबांच्या खात्यावर जमा होतात.

त्या दुष्काळात मूळचे खटाव तालुक्यातील कटगुणच्या घराण्यातले जोतीराव फुले आणि नायगावच्या कन्या सावित्रीबाई यांनी सत्यशोधक सहकाऱ्यांसह धनकवडी येथे अनाथ व उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवले. त्यासाठी फुल्यांनी वर्गणी मागितली, देणाऱ्यांचे आभारही मानले. परंतु पुढे 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना त्यांनी सरकारी सारा, कारकुनांची लूट आणि सावकारी यांवरचा एकही फटका या आभारापोटी मवाळ केला नाही. आभार आणि असूड एकाच माणसाच्या हातात शोभून दिसतात, याचे याहून जवळचे उदाहरण सातारकरांना शोधावे लागणार नाही.

1900 साली पुन्हा तेच. न्यूयॉर्कहून 'क्विटो' नावाचे जहाज सुमारे 5 हजार टन मका घेऊन मुंबईस आले. 'ख्रिश्चन हेरल्ड' या अमेरिकन साप्ताहिकाच्या वाचकांनी तो मका वर्गणीतून दिला होता. एका साप्ताहिकाने आपल्या वाचकांच्या बळावर एवढे जहाज भरावे, ही गोष्ट दुसऱ्या साप्ताहिकांच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता बहात्तरकडे परत. त्या दुष्काळात महाराष्ट्र जगला तो मुख्यतः कोणामुळे? या प्रश्नाचे उत्तर आकडे देतात. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडीकेंद्रे. मस्टरवर अंगठा, मुकादमाची बोलणी, आठवड्याऐवजी महिन्याने होणारे पगार. त्या कामांवर निम्म्याच्या आसपास स्त्रिया होत्या, आणि फोडलेल्या खडीचे घनफूट मोजून मिळालेल्या मजुरीतूनच घरात मिलो येत होता. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला आहे. धान्याचे उत्पादन इतके कोसळूनही मोठा मृत्युकांड टळला, त्याचे श्रेय त्यांनी मुख्यतः या सार्वजनिक कामांना व त्यांतून लोकांच्या हाती आलेल्या क्रयशक्तीला दिले. ही कामे सरकारने आपखुषीने सुरू ठेवली असेही नाही. गावोगावचे मोर्चे, तहसील कचेऱ्यांवरची धरणी, कामावरचे संप आणि मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली निघालेला लाटणे मोर्चा यांनी मंत्रालयाला झोपू दिले नाही.

आणखी एका मदतीची नोंद कोणत्याच अहवालात ठळकपणे सापडत नाही. माण-खटावचे, शिराळ्या-पाटणचे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत होते. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले सोनेचांदी गाळण्यासाठी दूरदूरच्या शहरांत पांगले होते. परळ-लालबागच्या खोलीतून दहा-वीस रुपयांची मनीऑर्डर निघे, आणि पोस्टमन वाडीवर आला की त्या दिवशी चूल पेटे. बाहेर 'जगायला' गेलेल्यांनी मागे राहिलेल्यांना जगवले. परदेशी पिशवीवर देणाऱ्याचे नाव छापलेले असते. मनीऑर्डरच्या कुपनावर फक्त "खुशाली कळवणे" एवढेच असते.

या सगळ्यातून जे शहाणपण निघाले, त्याचे मूळही सांगलीतच आहे. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. त्यांच्या पक्षाशी समाजवाद्यांचे भांडण जन्माचे. पण मागेल त्याला काम ही कल्पना दुष्काळापूर्वीच विसापूर परिसरात त्यांनी प्रयोग म्हणून करून पाहिली, हे मान्य करताना अडखळण्याचे कारण नाही. 1972 साली योजना आली, 1975 साली तिच्यासाठी शहरी नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मुंबईच्या पगारदाराने माणच्या मजुरासाठी कायद्याने पैसे द्यायचे, आणि माणच्या मजुराने त्याबद्दल कोणापुढेही हात जोडायचे नाहीत! काम मिळाले नाही तर भत्ता मागायचा. भत्ता नाकारणारे, मस्टरवर खोटी नावे चढवणारे, काम पाच मैलांपलीकडे दाखवणारे महाभाग पुढे पुष्कळ निघाले. पण दानाची हक्काकडे वाटचाल कशी होते याचा एवढा स्पष्ट पुरावा देशात दुसरा नव्हता. 2005 साली केंद्राने केलेल्या रोजगार हमी कायद्यामागे हाच अनुभव होता.

म्हणूनच दुष्काळी भागात कृतज्ञतेचा जो बाजार मांडला जातो त्याची चीड आली पाहिजे. चारा छावणीच्या कमानीवर नेत्याची छबी, टँकरच्या पाठीवर नाव, वाटलेल्या किराण्याच्या पिशवीवर निवडणूक चिन्ह. परदेशी दात्याने आपले नाव पिशवीवर छापले तर राष्ट्राभिमान दुखावतो. स्थानिक पुढाऱ्याने जनतेच्याच पैशाच्या टँकरवर ते रंगवले तर मात्र सत्कार होतो. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, उरमोडी या योजनांचे पाणी आटपाडी, जत, माणच्या शिवारात यायला किती दशके लागली याचा जाब विचारणाऱ्याला "आलेल्या पाण्याचे तरी उपकार माना" असे उत्तर मिळते. खानापूर तालुक्यात येरळेकाठी बळीराजा धरण बांधणाऱ्या बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी मात्र नदीतल्या वाळूच्या विक्रीतून पैसा उभा केला, पाणी भूमिहीनालाही मिळावे असे ठरवले आणि कोणाच्या उपकाराची कमान उभारली नाही.

दुसरा बाजार राष्ट्राभिमानाचा. 2004च्या त्सुनामीनंतर भारताने परदेशी सरकारांची मदत घेण्याचे टाळले. 2018च्या केरळच्या महापुरातही तेच धोरण राहिले. स्वतःच्या पायावर उभे राहणाऱ्या देशाने असा निर्णय घेणे समजण्यासारखे आहे, आणि 1966 सालच्या अपमानानंतर तर ते स्वाभाविकच. प्रश्न एवढाच की स्वाभिमानाची किंमत कोण मोजतो. दिल्लीतल्या नकाराने जो घास आला नाही, तो तेवढ्याच तातडीने दिल्लीने पुरवला असेल तर नकार शोभतो. नसेल तर तो दुसऱ्याच्या पोटावर केलेला उपास ठरतो.

आणि मदत एकाच दिशेने वाहते ही समजूतही इतिहासाला धरून नाही. आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजून दुष्काळ पडला तेव्हा बाहेरून पोचलेल्या पहिल्या मोठ्या वर्गण्यांपैकी एक कलकत्त्याची होती. सुमारे 14 हजार पौंडांची. मुंबईनेही भर घातली. तिच्यात गोऱ्या अधिकाऱ्यांचे आणि आयरिश शिपायांचे पैसे होते, तसेच येथल्या लोकांचेही होते. पुढे 1943 साली बंगाल उपाशी मरत असताना, महायुद्धाच्या ओढगस्तीतही, आयर्लंडने 1 लाख पौंड मंजूर केले. भारताने अफगाणिस्तानला 50 हजार टन गहू देऊ केला, आणि 2022 साली एरवी बंद असलेल्या वाघ्याच्या वाटेने ट्रक गेले.

ऋण असे फिटते, ज्याचे घेतले त्यालाच परत करून नव्हे. ऑगस्ट 2024 मध्ये सुदानच्या झमझम छावणीत आणि ऑगस्ट 2025 मध्ये गाझा शहरात दुष्काळ पडल्याचे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने जाहीर केले. या दोन्ही ठिकाणी आभाळाचा काहीही दोष नव्हता. तेथे शस्त्रांनी अन्नाची वाट अडवली होती. मिलोची भाकरी खाऊन जगलेल्या जिल्ह्यांतून या दोन नावांवर किती सभा झाल्या? जाहीर झालेल्या सभांचा हिशेब सांगण्यासारखा नाही. "आपलेच काय कमी आहे" हे उत्तर 1900 साली त्या अमेरिकन साप्ताहिकाच्या वाचकांनीही दिले असते तर 'क्विटो' रिकामे राहिले असते.

सातारा आणि सांगलीतील तालुका शाखांपुढे यंदाच्या उन्हाळ्यात दोन कामे ठेवता येतील. बहात्तरच्या कामांवर राबलेल्या, सुकडी खाल्लेल्या, संपात बसलेल्या स्त्री-पुरुषांपैकी जे हयात आहेत त्यांच्या आठवणी गावनिहाय लिहून घ्याव्यात. खडीकेंद्र कोठे होते, मजुरी किती पडे, धान्य कोठून येई, हे सारे विचारावे, कारण ही माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. आणि ज्या गावी ही नोंद होईल त्याच गावच्या सभेत, भारत सरकारने जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत सुदान व गाझाच्या उपाशी लोकांसाठी आपल्या कोठारातील धान्य भरघोस द्यावे असा ठराव मांडावा. ठरावाखाली पहिली सही शक्यतो त्या खडी फोडलेल्या बाईची असावी. तिला अंगठा द्यायचा असेल तर अंगठा घ्यावा.